पात्यावरचा लेप

गॅस टर्बाइनच्या पात्यावरचा संरक्षक लेप बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो आणि तो झिजण्यासाठीच चढवलेला असतो. पाते निकेलच्या सुपरअलॉयचे. 1940च्या दशकातल्या निमॉनिक 80ए या मिश्रधातूत सुमारे 20 टक्के क्रोमियम होते आणि तेच धातूचे रक्षण करी. पुढे जास्त तापमानात जास्त ताण सोसण्यासाठी टंगस्टन, टॅन्टॅलम यांसारख्या घटकांना जागा द्यावी लागली आणि क्रोमियम घटत गेले. एकस्फटिकी सीएमएसएक्स-4 मध्ये ते साडेसहा टक्क्यांच्या आसपास आले. ताकद धातूची, राखण लेपाची, अशी वाटणी त्यातून झाली.

राखण नुसत्या आगीपासून करायची नसते. समुद्री हवेतले मीठ आणि इंधनातले गंधक यांच्यापासून सोडियम सल्फेट बनते, ते पात्यावर साचते आणि 884 अंश सेल्सिअसला वितळते. हा वितळलेला क्षार ऑक्साइडचा पापुद्रा विरघळवतो. मग गंधक आत शिरून क्रोमियम सल्फाइडमध्ये अडकवते आणि उरलेला धातू झपाट्याने खाल्ला जातो. हे साधारण 850 ते 950 अंशांचे उष्ण क्षरण. त्याहून बरेच तापले, तर क्षार पात्यावर टिकतच नाही.

दुसरा प्रकार अधिक फसवा. 1970च्या दशकात कमी शक्तीवर चालणाऱ्या जहाजांच्या टर्बाइनमध्ये 700 अंशांच्या आसपासच, कोबाल्टयुक्त लेपांवर खड्डे पडलेले आढळले. एवढ्या तापमानाला सोडियम सल्फेट घनच असते. पण वायूतल्या सल्फर ट्रायऑक्साइडमुळे कोबाल्ट सल्फेट तयार होते आणि या दोन सल्फेटांचे मिश्रण 565 अंशांनाही वितळू शकते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या गॅस टर्बाइनवरच्या विनाशिकांनाही हीच खारी हवा मिळते.

लेपाची जुनी रीत साधी आहे. ॲल्युमिनियमची पूड, अमोनियम क्लोराइड आणि ॲल्युमिना यांच्या मिश्रणात पाती पुरून बंद पेटीत काही तास तापवायची. क्लोराइडची वाफ ॲल्युमिनियम पात्यापर्यंत नेते आणि पृष्ठभागी निकेल ॲल्युमिनाइड तयार होते. इंजिनात त्यावर ॲल्युमिनाचा पातळ पापुद्रा येतो. खरा पहारा त्याचा. आधी काही मायक्रॉन प्लॅटिनम चढवले, तर हा पापुद्रा अधिक चिवट होतो. खर्च वाढतो, पण खाऱ्या हवेत तो अनाठायी म्हणता येत नाही. दुसरी रीत फवाऱ्याची: निकेल किंवा कोबाल्ट, क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि बहुधा एक टक्क्याहून कमी इट्रियम. एवढेसे इट्रियम पापुद्र्याला धरून ठेवते. 700 अंशांच्या क्षरणाला मात्र भरपूर क्रोमियम लागते. सगळ्या तापमानांना पुरेल असा एकच लेप नाही, म्हणून काही पात्यांच्या अंगाला एक आणि मुळाला दुसरा लेप देतात.

लेपातले ॲल्युमिनियम दोन्हीकडे खर्ची पडते: बाहेर पापुद्रा पुन्हा पुन्हा भरण्यात आणि आत मूळ धातूत मुरण्यात. ते फार घटले की लेप निकामी. ओव्हरहॉलमध्ये जुना लेप आम्लात काढून नवा देतात. भांड्याच्या कल्हईसारखेच हे काम; फरक इतकाच, की ॲल्युमिनाइडमध्ये पात्याचे स्वतःचे निकेल असते आणि लेप उतरवताना तेही जाते. आतून हवा खेळवलेल्या पोकळ पात्याची भिंत मुळातच पातळ. म्हणून दर खेपेला तिची जाडी मोजतात आणि ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली, की ते पाते भंगारात काढतात.