आईची तारीख

माझ्या घरमालकीणबाईंचा वाढदिवस कधी असतो, हे मला प्रथम कळले ते संडासात!

1986 साली पाण्याच्या अभियांत्रिकीचा एक अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी मी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी राहिलो होतो. ज्या कुटुंबात माझी सोय झाली होती, तिथे संडासाच्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेले असे. त्यावर ना साल, ना वार. नुसते महिने, तारखा आणि तारखांपुढे बारीक अक्षरात नावे. मला वाटले, एखाद्या भिशीचा हिशेब असावा. चौकशी केली तेव्हा समजले, की हे वाढदिवसांचे कॅलेंडर. वार नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे चालते. आणि संडासात अशासाठी, की तिथे घरातल्या प्रत्येकाला रोज जावेच लागते आणि दोन घटका फुरसतही मिळते. डच माणूस व्यवहारी खरा!

मे महिन्यात बाईंना पन्नास वर्षे पूर्ण झाली. सकाळी पाहतो तो घरासमोर जुने कपडे चढवलेले एक बुजगावणे खुर्चीत बसलेले. ती म्हणे 'सारा'. तिकडे पन्नाशी गाठलेल्या बाईला सारा म्हणतात आणि पुरुषाला अब्राहम. आपल्याकडे एखाद्या वहिनींच्या दारात असे ध्यान बसवले तर काय होईल, या विचाराने मला दिवसभर हसू येत होते.

दुपारी पाहुणे आले. दिवाणखान्यात कागदी पताका आणि भिंतीच्या कडेने गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, अगदी आपल्याकडे मुलगी पाहायला येतात तेव्हा मांडतात तशा. येणारा प्रत्येक जण बाईंचा हात हातात घेऊन 'खेफेलिसिटेर्ट', म्हणजे 'अभिनंदन', असे म्हणे. पण पाहुणा तिथे थांबत नसे. बाईंच्या यजमानांचे 'तुमच्या बायकोबद्दल' अभिनंदन, मुलांचे 'तुमच्या आईबद्दल' अभिनंदन, असे करीत तो सगळा गोल पुरा करी. एकाने मलाही हात दिला. "माझे अभिनंदन कशाबद्दल?" मी विचारले. यजमान म्हणाले, "घरमालकिणीबद्दल!"

कोपऱ्यात बाईंची 81 वर्षांची आई बसली होती. तिच्यापाशी मात्र प्रत्येक जण जरा रेंगाळे. 'लेकीबद्दल अभिनंदन' असे कानी पडताच म्हातारी अशी फुलून येई, जणू बाळंतपण कालच झाले आहे! मीही अभिनंदन केले. तिने माझा हात सोडला नाही. बाईंकरवी विचारले, "तुझ्या आईचा वाढदिवस केव्हा असतो?"

मी गप्प झालो. माझे वय तेव्हा 34. वडिलांच्या श्राद्धाची तिथी मला ठाऊक होती, आजोबांचीही ठाऊक होती. आई माझा वाढदिवस तिथीने करी आणि तारखेनेही करी. दोन्ही दिवशी पाटावर बसवून ओवाळी. तिला कुणी ओवाळल्याचे मात्र आठवेना. "आमच्याकडे जुन्या माणसांच्या तारखा लिहिलेल्या नसतात," असे काहीसे मी बोलून गेलो. ते अगदीच खोटे नव्हते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून ही तारीख ठोकून दिलेली माणसे आपल्याकडे थोडीथोडकी का आहेत? पण खरी गोष्ट अशी, की मी आईला कधी विचारलेच नव्हते.

त्याच रात्री पत्र टाकले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. "अनेक आशीर्वाद. हे काय नवीन खूळ? आमच्या वेळी तारखा कोण लिहून ठेवणार? टिळकमहाराज गेले, त्यांच्या तेराव्या दिवशी मी झाले, असे माझी आई सांगत असे. मुलगी, म्हणून कुणी पेढे वाटले नाहीत. थंडीला जप."

टिळक गेले 1 ऑगस्ट 1920 रोजी. मी बोटे मोजली. 13 ऑगस्ट!

बाईंना हे सांगितले मात्र, त्या पेन घेऊन तडक संडासात गेल्या.

13 ऑगस्टला संध्याकाळी घरी परतलो तो पताका लागलेल्या, खुर्च्या गोल मांडलेल्या आणि टेबलावर सफरचंदाचा केक. म्हातारी मुद्दाम आली होती. सगळ्यांनी एकामागून एक माझा हात हातात घेऊन 'तुझ्या आईबद्दल' अभिनंदन केले. मग यजमानांनी पुण्याला आमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून दिला. आई धापा टाकीत आली. तिला वाटले, काही वाईट बातमी आहे.

"वाढदिवस? माझा?" ती म्हणाली. मग कितीतरी वेळ काही बोललीच नाही. शेवटी म्हणाली, "अरे, फोनला पैसे पडतात. ठेव आता."

निघताना बाईंनी मला तसेच एक कॅलेंडर भेट दिले. त्यात 13 ऑगस्टपुढे आईचे नाव त्यांनी स्वतः लिहिले होते. ते संडासात लावायला सौभाग्यवतींनी साफ नकार दिला. ते स्वयंपाकघरात कालनिर्णयाशेजारी लागले. पुढे दर 13 ऑगस्टला आई पाटावर बसे. "काय मेला पोरखेळ!" असे तोंडाने म्हणे, पण नवे पातळ आदल्या रात्रीच काढून ठेवी.

1998 च्या डिसेंबरात ती गेली. आता तिचीही तिथी मला पाठ आहे. पण 13 ऑगस्टला सकाळी माझी मुलगी माझ्यापुढे हात करते आणि म्हणते, "बाबा, तुमच्या आईबद्दल अभिनंदन!"