होल्डर आणि इंटरफेस

आम्ही भिंगारला वायरमनचे काम करतो. थोरली मुलगी नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, घरातली पहिलीच. जावाच्या अभ्यासात 'इंटरफेस' आला नि ती रडकुंडीला आली. कॉलेज सोडते म्हणाली. "पप्पा, यात नुसती कामांची नावं. काम कसं करायचं ते लिहिलेलंच नाही!"

आम्ही तिच्यापुढे होल्डर ठेवला. यात पूर्वी तारेचा दिवा बसे, मग सीएफएल आला, आता एलईडी. आत काय उजळते हे होल्डर विचारीत नाही. पिना बसल्या की झाले. (कंपनी कोणती, हे गिऱ्हाईक विचारते.) ती एकदम म्हणाली, "म्हणजे क्लासने 'इम्प्लिमेंट्स' म्हटलं की त्यातलं प्रत्येक काम करून द्यायचं. एक राहिलं तरी कंपायलर अडवतो!"

आम्ही विचारले, उद्या होल्डरने तीन पिना मागितल्या तर? भिंगारातले सगळे दिवे बाद! तिने पुस्तक चाळले. जावा १९९५ सालची. तिथेही हीच अडचण. इंटरफेसमध्ये नवे काम घातले की जुने क्लास अडत. २०१४ च्या जावा ८ मध्ये 'डीफॉल्ट' आले: नव्या कामाची तयार रीत इंटरफेसच देतो, जुन्यांना हात लावावा लागत नाही. आमच्या धंद्यात अशी सोय नाही.

परवा तिची तोंडी परीक्षा आहे. होल्डर पिशवीत घातला आहे.