आमची पाटी



माझ्या आईची एक वही आहे. अलिबागहून इस्रायलला येताना ती तिच्या ट्रंकेत होती. तिच्यात वालाच्या बिरड्याची कृती आहे. माझी बारा वर्षांची नात मराठी समजते, थोडंफार बोलते, पण वाचता येत नाही. एके दिवशी ती म्हणाली, "सबा, या वहीचं वेबपान करू या. वर तुझं मराठी, खाली माझं हिब्रू."

मी फॅक्टरीतला निवृत्त माणूस, कोड कधी लिहिलेला नाही. तिच्या मोठ्या भावाने लहानपणी मोझिलाचं 'थिंबल' वापरलं होतं. २०१२ साली निघालेलं हे साधन फुकट होतं. ब्राउझरमध्येच डावीकडे कोड लिहायचा आणि उजवीकडे पान बघायचं. २०१९ मध्ये ते बंद झालं. नात म्हणाली, "मग आपणच तसं बनवू."

आणि बनवलं! सगळं मिळून एकच फाइल. तिच्यात दोन चौकोन. एकात लिहायचं, अक्षर टाइप होताच जावास्क्रिप्टच्या चार ओळी तो मजकूर उचलून दुसऱ्या चौकोनात दाखवतात. वर बटणं केली: मथळा, परिच्छेद, फोटो. बटण दाबलं की त्याचा कोड आपोआप येतो. मुलांनो, टॅग म्हणजे डबा समजा, उघडला की झाकण लावायचं! पहिल्याच दिवशी माझ्या हातून खिडकी बंद झाली आणि दोन तासांची मेहनत गेली. मग 'जतन करा' हे बटणही आलं. या साधनाला आम्ही 'पाटी' म्हणतो. इंटरनेट नसलं तरी ती चालते.

पण खरी गंमत पुढे झाली. पान हिब्रूसाठी उजवीकडून डावीकडे लावलेलं. मी लिहिलं, "वाल रात्रभर भिजत घाला." तर वाक्य उजव्या कडेला चिकटलं आणि टिंब वाक्याच्या आधी जाऊन बसलं! माझंच चुकलं समजून मी तीनदा टाइप केलं. शेवटी नातीने शोधून काढलं की प्रत्येक परिच्छेदाला आपली दिशा देता येते. 'डीआयआर' पुढे 'ऑटो' लिहिलं की ब्राउझर पहिलं अक्षर बघून दिशा ठरवतो. आता एकाच पानावर मराठी डावीकडून चालतं, हिब्रू उजवीकडून.

हिब्रू लिहिताना तिने विचारलं, "मोड येणं म्हणजे काय?" शब्द सुचेना. मग वालच भिजत घातले, फडक्यात बांधले, मोड आल्यावर दोघांनी मिळून सोलले. परवा तिने आईची वही उघडली आणि एका शब्दावर बोट ठेवून हळूच वाचलं, "वा...ल."

तुमच्याही घरी अशी वही असेल. नातवंडांना हाक मारा. आणि हो, फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर जरूर ठेवा!