समा आणि गोचीड

बडोद्याच्या उत्तरेस, सावलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर समा ही वस्ती आहे. एके काळी हे शहराबाहेरचे स्वतंत्र गाव होते. आता ते महानगरात पुरते सामावून गेले आहे. गायकवाडी अमलाबरोबर इकडे आलेल्या मराठी घराण्यांची जुनी बिऱ्हाडे मांडवी-रावपुऱ्याच्या परिसरात होती. कुटुंबे वाढली तशी पुढच्या पिढ्यांनी नव्या भागांत घरे केली. समा हा त्यांपैकीच एक. तळे, क्रीडासंकुल आणि बंगल्यांच्या रांगा पाहत आपण चालू लागलो, की मध्येच एखादी गाय रस्त्यावर निवांत रवंथ करताना दिसते आणि मूळच्या गावाची आठवण होते.

पावागडाकडून येणारी विश्वामित्री येथून जवळूनच वाहते. तिच्या मगरी सर्वांस ठाऊक आहेत. २०१९ आणि २०२४ च्या महापुरांत त्या शहराच्या वस्तीत शिरल्या, तेव्हापासून तर पावसाळ्यात लहान मुलांनाही नदीकडे जाऊ न देण्याची शिस्त घरोघरी पाळली जाते. परंतु समामधून हिंडताना आमचे लक्ष वेधले ते एका फार लहान प्राण्याने. गायीच्या कानाच्या पाळीला आणि वाटेवरच्या कुत्र्याच्या मानेला चिकटलेल्या गोचिडाने. त्याची भीती कोणाच्याच मनात दिसली नाही.

गुजरातीत याला इतरडी म्हणतात. मराठीत तर 'गोचिडासारखा चिकटला' हा वाक्प्रचारच आहे. गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी व विंचू यांच्या गोत्रातला, रक्तावर जगणारा जीव. एका प्राण्याचे रक्त पिऊन दुसऱ्यावर जाताना तो रोगाचे जंतूही नेतो.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यातल्या कोलाट गावची एक स्त्री तापाने व रक्तस्रावाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे एक डॉक्टर आणि एक परिचारिका यांनाही प्राण गमवावे लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने हा क्रिमियन-काँगो ताप असल्याचे निश्चित केले. भारतात या रोगाच्या उद्रेकाची ही पहिलीच नोंद. तो गोचिडाच्या दंशाने होतो, तसाच बाधित जनावराच्या किंवा रुग्णाच्या रक्ताच्या स्पर्शानेही होतो. पुढेही गुजरातेत त्याचे रुग्ण आढळले.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव कोकणात वा गोव्यात आहे. तिकडे याचाच दुसरा भाऊबंद भेटतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो. नेमक्या याच दिवसांत काजूच्या बागा व रानवाटा माणसांनी गजबजतात. रानात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे.

आणि ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांनी लाईम रोगाचे नाव ध्यानात ठेवावे. १९७५ च्या सुमारास कनेक्टिकट राज्यातील लाईम गावात अनेक मुलांचे सांधे एकाएकी सुजू लागले. दोन जागरूक मातांनी पाठपुरावा केला, म्हणून संशोधन झाले. पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडांतील जंतू शोधून काढला. न्यू जर्सी व आसपासच्या राज्यांत हा रोग बराच आढळतो. नातवंडांसह बागेत, गवतात फिरून आल्यावर अंग तपासावे. दंशानंतर काही दिवसांनी त्वचेवर पसरत जाणारा तांबडा चट्टा बहुतेक रुग्णांत दिसतो, पण सर्वांत नाही. वेळीच प्रतिजैविके दिली, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

खबरदारी सोपी आहे. गवतात वा गोठ्यात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे व मोजे घालावेत. परतल्यावर काखा, जांघा, कानामागची जागा आणि केस पाहावेत. गोचीड चिकटला असल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून, पीळ न देता सरळ व सावकाश ओढून काढावा. तेल, रॉकेल वा काडीचा चटका यांचे जुने उपाय करू नयेत, आणि त्याला बोटांनी चिरडू तर मुळीच नये. नंतर जागा साबणाने धुवावी. पुढील काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना दंशाची हकीकत आपण होऊन सांगावी, कारण त्यांनी न विचारल्यास ती राहून जाते आणि निदान लांबते. घरच्या कुत्र्याची व गायीम्हशींची गोचिडे पशुवैद्याच्या सल्ल्याने काढून घ्यावीत.

समामध्ये कोणी या रोगाने आजारी आहे, असे आम्हांस सांगावयाचे नाही. मगरीविषयी जी सावधगिरी येथील माणसे सहज शिकली, तीच या लहानशा जीवाविषयीही घरोघरी शिकली जावी, एवढीच आमची इच्छा आहे.