पगार पुरतो, पण वाटेत गळतो

गाडीत मोठी साऊंड सिस्टिम बसवली की गाण्याच्या ठोक्यागणिक हेडलाइट मंद होतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तरुण मंडळींना त्याची गंमत वाटते, आमच्या वयाचे लोक "काढून टाक ते खूळ" म्हणून मोकळे होतात. मला मात्र त्यातून एक चांगला हिशेब शिकायला मिळाला. मी पडलो मराठीचा मास्तर. विजेशी संबंध घरचा फ्यूज बदलण्यापुरता. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

माझ्या पुतण्याची पिवळ्या पाटीची गाडी आहे. सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर अशी भाडी मारतो. पर्यटकांना गाणी लागतात, आणि ती दणक्यात लागतात. म्हणून त्याने डिकीत अॅम्प्लिफायर आणि एक भलामोठा स्पीकर बसवून घेतला. तेव्हापासून दिवे लुकलुकायला लागले. सकाळी सेल्फ मारला की इंजिन कण्हत कण्हत फिरायचं. नवी बॅटरी वर्षभरातच बसली. रात्री पसरणी घाटात वळणावर दिवे मंद झाले तर काय होईल, या विचारानेच माझ्या पोटात गोळा यायचा. मागच्या सीटवर कुणाची तरी लेकरं बसलेली असतात हो..

जिथे सिस्टिम बसवली त्या दुकानदाराने सल्ला दिला, मोठी बॅटरी घ्या आणि सोबत एक कपॅसिटर लावा. घरच्यांचा सल्ला, सगळं उपटून विकून टाक. पुतण्या मला म्हणाला, "काका, बॅटरी घेऊ का गाडीचा हप्ता भरू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघं एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी विकायला काही काढलं नाही. आधी मल्टिमीटर काढला.

ते काम करता करता बोलत होते, ते मला माझ्या भाषेत असं समजलं. गाडीतला अल्टरनेटर म्हणजे महिन्याचा पगार. बॅटरी म्हणजे बचत. इंजिन चालू असताना सगळा खर्च पगारातून भागला पाहिजे, आणि उरलं ते बचतीत गेलं पाहिजे. बचत काढायची ती फक्त सेल्फ मारायला. रात्रभर विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की तिथे १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. चालू इंजिनावरही आकडा १३ च्या आसपासच घुटमळत राहिला तर बॅटरी पूर्ण भरत नाही, तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती अकाली मरते. मोठी बॅटरी म्हणजे मोठी तिजोरी. पगारच पोचत नसेल तर तिजोरी मोठी करून काय उपयोग?

मग मी कपॅसिटरबद्दल विचारलं. ते हसले. "सर, एक फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत २६ ज्यूल देतो. ५०० वॅटच्या अॅम्प्लिफायरला ते सेकंदाचा विसावा भाग पुरतात. आणि तोही परत त्याच अल्टरनेटरकडून भरून घ्यायचा." म्हणजे शेजारून आणलेली वाटीभर साखर! परत तर करावीच लागते.

आता खरी मोजणी. इंजिन चालू, एसी चालू, हेडलाइट चालू, गाणी दणक्यात. अल्टरनेटरच्या अंगावर १४.१ व्होल्ट. बॅटरीवर १३. आणि डिकीत अॅम्प्लिफायरच्या टोकाशी जेमतेम ११.४!

पगार पुरेसा होता. वाटेत गळत होता.

इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी गंजलेली निघाली. एकट्या तिच्यात ०.७ व्होल्ट जात होते. तिथे ०.१ पेक्षा जास्त जायला नको. सेल्फ कण्हत होता तो याचमुळे, कारण त्याचा प्रचंड करंटही त्याच वाटेने परत येतो. गाण्याचा ठोका पडला की त्याच अरुंद वाटेवर गर्दी, म्हणून दिवे मंद. पुढे डिकीपर्यंत नेलेली वायर बारीक, जेमतेम ४ स्क्वेअर एमएमची. अशा ५ मीटर तांब्याच्या वायरमध्ये ४० अँपिअर गेले की ०.८५ व्होल्ट तिथेच उष्णता होऊन जातात. १६ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये हाच तोटा ०.२ वर येतो. डिकीतली अर्थ तर रंगावरच स्क्रू पिळून दिलेली होती. रंगातून वीज कशी जाणार?

एवढ्यात ते बोलायचे थांबले. बॉनेटमधून आत येणारी ती वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली होती, रबराची रिंगसुद्धा नाही, आणि घासून तिचं वरचं आवरण निम्मं उडालेलं. फ्यूज होता, पण मागे डिकीत. त्यांनी एवढंच सांगितलं की फ्यूज अॅम्प्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच पाहिजे. मधे कुठेही वायर पत्र्याला टेकली असती, तर पूर्ण बॅटरीचा करंट तिथून वाहिला असता आणि मागचा फ्यूज नुसता बघत बसला असता. गाडी पेटायला तेवढं पुष्कळ. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

दुरुस्तीला एक दिवस लागला. इंजिनपासून बॉडीपर्यंत नवी जाड अर्थ. बॅटरीची टर्मिनल पांढरी पडली होती ती घासून साफ. डिकीपर्यंत १६ स्क्वेअर एमएमची अस्सल तांब्याची वायर (तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको), पत्र्याच्या भोकात रबर, आणि बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज. डिकीत रंग खरवडून धातूवर अर्थ. अॅम्प्लिफायरचा गेन थोडा खाली. एकूण खर्च नव्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी. परत मोजलं तर बॅटरीवर १३.९ आणि डिकीत १३.५. दिवे स्थिर.

त्यांनी दोन गोष्टी बजावल्या, त्या तुमच्यासाठीही लिहून ठेवतो. इंजिन बंद ठेवून दणक्यात गाणी लावू नका, ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तासाभरात निम्मी होते. आणि हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, चार्जिंग संगणक ठरवतो. तिथे अॅम्प्लिफायरची अर्थ थेट टर्मिनलला न देता बॉडीला द्यायची, नाहीतर संगणकाचा हिशेब चुकतो.

शाळेत असताना असंच व्हायचं. पोरगं मागे पडलं की "बुद्धी कमी" असा शेरा तयार असायचा. मग कुणीतरी त्याला पुढच्या बाकावर बसवून बघायचं, आणि लक्षात यायचं की त्याला फळाच दिसत नव्हता. कमी काय पडतंय हे ठरवण्याआधी गळतंय कुठे ते मोजावं.

असो. पुतण्याचा हप्ता वेळेवर गेला. गाणी अजूनही माझ्या आवडीची लागत नाहीत, पण त्याला मल्टिमीटरचा काही उपयोग नाही!