खडकीतल्या तीन गिटारी

खडकी म्हटलं की बाहेरच्या माणसाला ठरावीक गोष्टी आठवतात. ५ नोव्हेंबर १८१७ ची पेशवे-इंग्रजांची लढाई, १८६९ ची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, महायुद्धांत कामी आलेल्या सैनिकांचं स्मशान. सगळं बंदूक आणि दारूगोळ्याशी जोडलेलं. आम्ही ज्या खडकीत वाढलो तिथं हे सगळं होतंच, पण आणखी एक गोष्ट होती जिचा कुठं उल्लेख सापडत नाही. आमच्या गल्ल्यांमध्ये इलेक्ट्रिक गिटारी होत्या. भारी घरांत नव्हे, फॅक्टरीत शिफ्ट करणाऱ्यांच्या, मोटारी रिवाइंड करणाऱ्यांच्या, दोन खोल्यांच्या घरांत.

याचं कारण कँटोन्मेंट. फौजेबरोबर बँड येतो, चर्च येतं, चर्चबरोबर नोटेशन वाचणारी माणसं येतात. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट-ट्रम्पेट वाजवणारे आपले कितीतरी लोक होते. पुढं ऑर्केस्ट्राचा जमाना आला आणि गिटारवाल्याला मागणी आली. पण गिटार मिळवणं सोपं नव्हतं. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य म्हणजे आयात परवाना आणि जबर जकात. देशी हवी तर कोलकात्याची गिवसन, तीही पैसे साठवून. म्हणून प्रत्येक गिटारीमागं एक गोष्ट असायची. ती कुठून आली, कुणी दिली, घरात कोण रुसलं. मला माहीत असलेल्या तीन गिटारींच्या गोष्टी इथं लिहून ठेवतो.

पहिली आमच्या शेजारच्या अंकलची. ते ख्रिस्ती, वडील फौजेच्या बँडमधले. त्यांची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजायची. डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी, ती तारांवरून सरकवायची. या प्रकाराला हवाईयन गिटार म्हणतात. अनेकांना ठाऊक नसेल, पण बाजारात आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार हीच. अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची ओतीव गिटार केली, दिसायला तळणीच्या तव्यासारखी, म्हणून तिचं नावच 'फ्राइंग पॅन' पडलं. भारतात हे वाद्य लवकर रुजलं, कारण कांडी सरकवली की मींड आपोआप येते. लखनौचे व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या सिनेसंगीताच्या रेकॉर्डी घराघरांत वाजत. बंगालचे महाकवी काझी नझरूल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध हेही याच गिटारीचे वादक.

अंकलना त्यांची गिटार मुंबईच्या गोदीत बोटीवर काम करणाऱ्या एका नातेवाइकानं आणून दिली होती. अ‍ॅम्प्लिफायर नव्हता, म्हणून ते ती जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओला जोडत. रेडिओ तापायला मिनिटभर लागे, मग पाठीमागून हळूच सूर यायचा. नाताळात आम्ही मुलं त्यांच्या दारात बसून केक खायचो आणि ऐकायचो. पुढं त्यांची मुलं ऑस्ट्रेलियात गेली, अंकल गेले, घर रिकामं झालं. काही महिन्यांनी माझ्या मामूंना ती गिटार जुन्या बाजारात दिसली. तारा नव्हत्या, खुंट्या गंजलेल्या. विकणारा तिला 'बेंजो' म्हणत होता. मामूंच्या खिशात तेवढे पैसे नव्हते. पुढच्या रविवारी गेले तर ती तिथं नव्हती. आता ती कुणाच्या घरात असेल तर भिंतीवरची शोभेची वस्तू म्हणून असेल. रेडिओ तापण्याची ती मिनिटभराची शांतता तिच्याबरोबर गेलेली नाही.

दुसरी गिटार मामूंच्या दोस्ताची. बाजारात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्यांचं मूळ घर नदीकाठच्या पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला फुटलं तेव्हा घर गेलं आणि कुटुंब खडकीला नातेवाइकांकडं आलं. चिखलातून वडिलांनी एक सागवानी दाराची फळी तेवढी आणली. ती कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. वडील वारल्यावर त्यांनी त्या फळीची गिटार केली.

इलेक्ट्रिक गिटारीचं काम तसं समजायला सोपं आहे. तारांखाली चुंबक असतं, चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी बारीक वीज तयार होते. अ‍ॅम्प्लिफायर तीच वीज मोठी करतो. म्हणून या गिटारीला नायलॉनची तार चालत नाही. या वेढ्यांच्या डबीला पिकअप म्हणतात. ज्या माणसाचा जन्म मोटारींच्या कॉइल भरण्यात गेला त्याला पिकअप भरणं अवघड कसं जाईल? तरी पहिल्या तीन डब्यांची तार मध्येच तुटली, चौथी बोलली. गिटार भयंकर जड झाली, कारण साग. तासभर उभं राहून वाजवलं की खांदा भरून यायचा. कुणी म्हणालं हलकं लाकूड घ्यायचं होतं, तर ते म्हणत, "हलकं असतं तर पुरात वाहून गेलं असतं."

मला ही गोष्ट आठवली की लंडनमधले बापलेक आठवतात. १९६३ मध्ये ब्रायन मे या मुलानं वडिलांच्या मदतीनं घरच्या घरी गिटार बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंगा मोटारसायकलच्या. तीच गिटार पुढं 'क्वीन' बँडमध्ये जगभर वाजली, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या शेजारी. तिच्यावर पुस्तक निघालं आहे. खडकीच्या सागवानी गिटारीवर चार ओळीही नाहीत.

हत्यारांच्या गावात वाद्य बनावं यात नवल वाटत असेल तर मिरजेला जाऊन यावं. तिथले शिकलगार तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं तेव्हा त्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला घेतली. त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळे मुस्लिम कारागीर. देशातल्या मोठमोठ्या गवयांच्या पाठीमागं जो तंबोरा वाजतो, तो अनेकदा यांच्या हातचा असतो.

तिसरी गिटार मामूंची. मामू फॅक्टरीत टर्नर, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. १९८० साली 'कर्ज' आला. त्यात 'एक हसीना थी' मध्ये गोरख शर्मांनी वाजवलेली गिटारीची धून इतकी गाजली की कार्यक्रमात ती वाजली नाही तर पब्लिक खुर्च्यांवरून उठायचं नाही. मामू तोवर मागून आणलेल्या गिटारीवर भागवत होते. जून १९८१ मध्ये रजनीश पुण्याहून अमेरिकेला गेले आणि कोरेगाव पार्कातले त्यांचे परदेशी शिष्य सामान विकून निघू लागले. कुणी सायकल विकली, कुणी कॅमेरा. एका जर्मन माणसाकडं लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार होती. सौदा बावीसशेवर तुटला. मामूंच्या तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त.

पैसे होते, पण भिशीचे. ती भिशी घराचे पत्रे बदलण्यासाठी उचलली होती. पावसाळा तोंडावर. मामू गिटार घेऊन घरात आले तेव्हा नानी एवढंच म्हणाली, "घर टपकता है, और ये बाजा लाया. अब इसेच छत पे लगा." तो पावसाळा घरानं पातेली आणि बादल्या मांडून काढला. कोरडी जागा एकच होती, कपाटाशेजारचा कोपरा, तिथं गिटार उभी. सप्टेंबरात गणपती आले. दहा दिवसांत मामूंनी मंडळांचे इतके कार्यक्रम केले, की अनंत चतुर्दशीनंतर त्यांनी नानीच्या हातात पत्र्यांचे पैसे ठेवले. मगरिबची नमाज करून मांडवात जायचे, 'कर्ज'ची धून वाजवायचे, प्रसादाचा मोदक खिशात घालून घरी यायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं असेल तर कुणी बोललं नाही.

गिटारीच्या डोक्यावरचं नाव घासून गेलेलं. मामू चाळीस वर्षं सांगत आले की ती अमेरिकन आहे. गेल्या वर्षी त्यांच्या नातीनं साफ करायला मान खोलली तर आत 'मेड इन जपान' निघालं. मामू जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "होने दे. पत्रे तो उसीसे आए ना?"

ही नात अकरावीत आहे. तिला ती गिटार हवी आहे आणि खरा पेच इथं आहे. तिचे वडील, म्हणजे माझा मामेभाऊ, संगीत हराम मानतो. त्याची टिंगल करणं सोपं आहे, मी करणार नाही. आईच्या आजारपणात रात्र-रात्र दवाखान्यात बसलेला माणूस आहे तो. त्याला खरोखर वाटतं की मरताना बापाच्या डोक्यावर हे ओझं नको आणि पोरीच्या डोक्यावर तर नकोच.

मी त्याला कॉर्डोबाची गोष्ट सांगितली. नवव्या शतकात बगदादहून झिरयाब हा गवई तिथं गेला, त्यानं ऊदला पाचवी तार जोडली असं सांगतात. युरोपातल्या तारवाद्यांच्या इतिहासात त्याचं नाव आदरानं घेतलं जातं. त्याच कॉर्डोबात जन्मलेल्या इब्न हझम यांनी वाद्यांना मनाई करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हदीसा तपासल्या आणि त्या प्रमाण मानायला नकार दिला. मामेभावानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "बाकीच्या फकीहांनी काय म्हटलंय?" बहुतेकांनी तारवाद्यांना मनाईच केली आहे, हे मलाही मान्य करावं लागलं. म्हणजे हा मतभेद आजचा नाही आणि आमच्या ओट्यावर मिटणाराही नाही.

मग तो जे बोलला त्यात भीती होती. "काश्मीरच्या त्या पोरींचं काय झालं?" २०१३ च्या फेब्रुवारीत श्रीनगरच्या 'प्रगाश' या तीन शाळकरी मुलींच्या बँडला फतवा आणि धमक्यांपुढं वाजवणं थांबवावं लागलं होतं. त्याला अल्लाहची भीती आहे तशी मोबाइलवरच्या लोकांचीही आहे. पोरीचा एखादा व्हिडिओ फिरला तर आपले शिव्या देतील आणि परकेही देतील, कारणं तेवढी वेगळी. या भीतीला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

निकाल मामूंनी लावला. मेल्यावर तरक्यात वाटणी नको म्हणून त्यांनी हयातीतच गिटार नातीला हिबा केली. हिबा पुरा व्हायला वस्तूचा कब्जा द्यावा लागतो. मामूंनी दोन साक्षीदार बसवले, त्यातले एक सागवानी गिटारवाले दोस्त, आणि गिटार तिच्या हातात दिली. म्हणाले, "जपान का है, याद रख. किसीको झूट मत बोल." मामेभाऊ खोलीत होता. तो हसला नाही आणि उठूनही गेला नाही. आठवड्यानं त्यानं पोरीला हेडफोन आणून दिले. अट एकच, आवाज घराबाहेर जायला नको आणि स्टेज तर नाहीच.

तो हुकूम म्हणायचा की परवानगी, ते मला ठरवता येत नाही. सध्या ती मुलगी हेडफोन लावून वाजवते. खोलीत बसलं तर पोलादी तारांची बारीक टिकटिक तेवढी ऐकू येते. मामूंची बोटं आता वळत नाहीत. ते तिच्या डाव्या हाताकडं बघून सांगतात, सूर बरोबर लागला की नाही.

मला काळजी वेगळीच आहे. मुसलमानांचा आणि संगीताचा संबंध आला की लोक एक तर मोठ्या उस्तादांची नावं घेतात, नाही तर फतव्यांची. या दोन्हींच्या मध्ये शिफ्ट करून वाजवणारी जी हजारो माणसं होऊन गेली, त्यांची नोंद कुठंच नाही. उद्या कुणी म्हणालं की आपल्या मोहल्ल्यात हे कधी नव्हतंच, तर दाखवायला आपल्याकडं काय असेल? अंकलच्या गिटारीसारखी एकेक वस्तू जुन्या बाजारात जाते आणि तिची गोष्ट सांगणारं कुणी मागं उरत नाही. तुमच्या घरात माळ्यावर बुलबुलतरंग, क्लॅरिनेट, गिटार, काहीही पडलं असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की ते केव्हा आलं, कितीला आलं आणि तेव्हा घरात कोण रुसलं होतं. आणि तारखेसकट लिहून ठेवा.