काचेतलं बिऱ्हाड

पोस्टिंग ऑर्डर आली. रायपूरहून अहिल्यानगर.

आमच्याकडे ऑर्डर आली की माळ्यावरून काळ्या ट्रंका उतरतात आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला जातो: ही मावते का? 22 वर्षांत 11 घरं झाली, त्यामुळे बहुतेक उत्तरं पाठ आहेत. यावेळी मात्र हॉलमध्ये तीन फुटी फिश टँक होती, तिच्यात 160 लिटर पाणी आणि पाण्यात अकरा मासे. त्यातले दहा कसे न्यायचे ते मला ठाऊक होतं. अकराव्याचं काय करायचं, या विचारानं महिनाभर झोप उडवली.

पहिल्यापासून सांगतो.

मी एनसीसीच्या पोस्टिंगवर रायपूरला आलो तेव्हा बायकोला सिलतऱ्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत केमिस्टची नोकरी मिळाली, आणि नोकरीबरोबर कॉलनीत क्वार्टरही. लग्नानंतर पहिल्यांदाच मी तिच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. दारावर पाटी तिची, पाणी आलं नाही तर तक्रारवहीत सही तिची. मी आपला रोज सकाळी बिलासपूर हायवेनं रायपूरला जायचो आणि संध्याकाळी ट्रेलरच्या रांगेतून वाट काढत परत यायचो.

सिलतरा ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: रायपूरच्या उत्तरेला, हायवेच्या दोन्ही अंगांना पसरलेली औद्योगिक वसाहत. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, वीजप्रकल्प. हवेत बारीक काळी धूळ असते, ती खिडक्या बंद करून थांबत नाही. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. आमची लेक तेव्हा आठ वर्षांची होती. अनवाणी गच्चीवर गेली की तळवे काळे करून यायची. तिला कुत्रा हवा होता. कॉलनीत परवानगी नव्हती. तडजोड माशांवर झाली.

कुठले मासे, यावर मात्र तडजोड नाही, म्हणाली. तिला मिशा असलेले हवे होते.

मी मूळचा इंदापूरकडचा. आमचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं, त्यामुळे लहानपण पाण्याच्या काठावरच गेलं. मिशांचे मासे म्हणजे माझ्यासाठी जाळ्यातला शिंगटा नाहीतर चिखलातला मांगूर. दोन्ही खायचे, पाळायचे नव्हेत. रायपूरच्या दुकानात मात्र दोन इंचांचे, तांब्याच्या रंगाचे, तळाशी नाक खुपसून फिरणारे मासे दिसले आणि मी काचेशी वाकलो तो वाकलोच. कोरीडोरास. दक्षिण अमेरिकेतला कॅटफिश. अंगावर खवले नाहीत, दोन्ही कुशींना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा. लासेपेद नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1803 मध्ये ग्रीक शब्द जोडून हे नाव ठेवलं. त्याचा अर्थ साधारण शिरस्त्राण आणि कातडी चिलखत. मी स्वतः चिलखती दलाचा, म्हणजे रणगाड्यांवरचा माणूस. पुढे काही बोलायला नको.

दुकानदार त्याच दिवशी मासे द्यायला तयार होता. बायकोनं दिले नाहीत. ती म्हणाली, "आधी पाणी." आणि पुढचे पाच आठवडे आमच्या हॉलमध्ये वाळू, दोन दगड आणि पाणी असलेली रिकामी टँक चालू होती. शेजारी येऊन विचारायचे, "भैया, मछली कहाँ है?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच हगतो. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष आहे. फिल्टरच्या स्पंजवर काही जिवाणू वस्तीला येतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की भागतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते न थांबता मासे सोडले की पंधरा दिवसांत मरतात आणि लोक म्हणतात, आमच्या घराला मासे लाभत नाहीत. बायको रोज संध्याकाळी नळकांडीत थेंब टाकून रंग बघायची. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, असं सलग आठवडाभर दिसलं तेव्हा मला गाडीची किल्ली मिळाली.

आठ कोरी आणले. हे कळपातले मासे आहेत, सहाच्या खाली ठेवू नयेत. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. धारदार खडी टाकली तर उकरून उकरून मिशा झिजतात आणि मग त्यांना अन्न शोधता येत नाही. औषधं जपून, मीठ आणि तांबं असलेली तर विचारूनच. लेकीला या कशातच रस नव्हता. तिनं पहिल्याच दिवशी शोध लावला की ते डोळा मारतात. खरंच, बुबुळ असं खाली फिरवतात की डोळा मारल्यासारखं दिसतं.

त्यांची आणखी एक सवय सिलतऱ्यात महागात पडली. कोरी अधूनमधून तळातून सरळ वर उसळी घेतो, पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली. ती हवा तो आतड्यातून शोषतो. ओढ्यात ऑक्सिजन कमी झाला तर जगण्याची सोय. आमच्या टँकच्या पृष्ठभागावर मात्र रोज एक पातळ, करडी साय धरायची. हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, म्हणजे धूळ वरून पडत होती आणि पंपातूनही जात होती. पहिल्या हिवाळ्यात, धूर खाली बसतो त्या दिवसांत, आठातले दोन गेले. त्या सायीमुळेच गेले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्यानंतर आम्ही टँकवर काचेचं झाकण केलं, पंप लाकडी खोक्यात घालून खोक्याच्या भोकांना जुन्या सुती बनियनचे दोन पदर लावले, आणि फिल्टरचं तोंड वर करून पृष्ठभाग सतत हलता ठेवला. बनियनचा तुकडा दर रविवारी बदलायचा. तो काढल्यावर कसा दिसायचा ते आठवलं की आपण तीन वर्षं तीच हवा घेत होतो हेही आठवतं. आम्हाला बनियन लावायला कुणी नव्हतं.

पाण्याचंही दुखणं होतंच. हा सगळा मुलूख चुनखडीचा, म्हणून तर इकडे सिमेंटचे कारखाने. बोअरचं पाणी जड. उन्हाळ्यात टँकमधलं पाणी उडून जातं, चुना मागे राहतो, आणि वरून पुन्हा बोअरचंच पाणी भरलं की जडपणा वाढत जातो. त्यावर उपाय म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्यानं. नौतपाच्या दिवसांत बाहेर 45 अंश, कोरीला हवं 22 ते 26. झाकण काढून पृष्ठभागावर टेबलफॅन सोडला की दोन-तीन अंश उतरायचे, पण झाकण काढलं की धूळ. दुपारी लाइट गेली की डीपफ्रीझमधल्या गोठवलेल्या बाटल्या. तीन मे महिने असेच काढले.

दुसऱ्या जुलैत, पहिल्या मोठ्या पावसानंतर, मी पाणी बदललं ते नेहमीपेक्षा जरा गार होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे काचेवर साबुदाण्याएवढे दाणे चिकटलेले. अंडी! गार पाणी आलं की त्यांना वाटतं पावसाळा लागला, आणि तसा तो लागलाही होता. कँटीनचं मुदत संपलेलं स्मार्ट कार्ड काचेवरून अलगद फिरवून अंडी सोडवली आणि वेगळ्या डब्यात ठेवली. चौथ्या दिवशी पिल्लं. त्यातली चार जगली. सहा आणि चार, दहा.

आता अकरावा.

कोरी आणले त्याच दिवशी दुकानदारानं पिशवीत एक तीन इंची मासा वर टाकला होता. "ले जाइए साहब, काई खाएगा." सकर. हाही कॅटफिशच, तोंड खाली, काचेला चिकटून बसणारा. भारतातल्या बहुतेक घरगुती टँकांत हा असतो आणि बहुतेकांना कुणी सांगत नाही की तो दीड फुटापर्यंत वाढतो. आमचा अडीच वर्षांत फुटाचा झाला. सव्वा फूट रुंदीच्या टँकमध्ये वळताना त्याला अंग मुडपावं लागायचं. कोरींची दुसऱ्या खेपेची अंडी त्यानंच रात्रीत साफ केली. लेकीनं त्याचं नाव ठेवलं होतं सुभेदार.

दुकानदार परत घेईना. मोठा सकर कुणी विकत घेत नाही. कॉलनीतल्या सगळ्यांचा सल्ला एकच: खारून नदीत सोडा, नाहीतर तलावात. रायपुरात तलावांना तोटा नाही. "छोड़ दीजिए साहब, पुण्य मिलेगा." लेकही म्हणाली, "बाबा, तळ्यात त्याला जागा तरी मिळेल."

हे पुण्य मी एकदा करून बसलोय.

कॅप्टन होतो. एका छावणीत आधीच्या अधिकाऱ्याकडून क्वार्टरबरोबर एक टँक वारशानं आली, तिच्यात असाच एक सकर. बदली झाली तेव्हा संध्याकाळी बादली घेऊन गेलो आणि छावणीच्या तळ्यात त्याला सोडून दिलं. बरोबरच्या मित्रानं फोटो काढला. मला फार छान वाटलं होतं.

चार-पाच वर्षांपूर्वी गावाकडून चुलतभावाचा फोन आला. उजनीत जाळं टाकलं होतं, त्यात खवल्यांऐवजी खरखरीत पत्र्यासारख्या अंगाचा मासा आला, काटे जाळ्यात असे अडकले की जाळं कापावं लागलं. "दादा, ह्याला इथं हेलिकॉप्टर म्हणत्यात. बाजारात कुत्रं विचारत न्हाई. तू शिकलेला, सांग हे काय हाय." फोटो पाठवला. मी लगेच ओळखलं.

हा मासा आपल्याकडचा नाही, तोही दक्षिण अमेरिकेतला. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत तो पसरलाय, 2020 मध्ये वाराणसीला गंगेत सापडल्याची बातमी होती. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, नर राखण करतो, काठ ढासळतो. चिलखतामुळे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. हे सगळे टँकांमधूनच बाहेर गेले. बादली घेऊन गेलेल्या, छान वाटलेल्या माणसांनी नेले. उजनीतला मासा मी सोडलेला नव्हता, माझं तळं तिथून शेकडो किलोमीटरवर. तरी भावाला मी इतकंच सांगितलं की कुणाच्या तरी घरातला असेल. पुढचं बोललो नाही. थाई मांगूरवर सरकारनं 2000 सालीच बंदी घातली, तेव्हा त्याच मांगूरच्या तळ्यांबद्दल मी याच भावाला फोनवर लेक्चर दिलं होतं.

लेकीला मात्र या वेळी सगळं सांगितलं, फोटोसकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही चूक केली." "हो." "मग आता काय करायचं?" मी सांगितलं की दोन रस्ते आहेत: मोठी टँक असलेला माणूस शोधायचा, नाहीतर लवंगेच्या तेलाच्या पाण्यात त्याला शांतपणे झोपवायचं. दुसरं ऐकून ती खोलीत निघून गेली. मी तिला ते सांगायला नको होतं असं बायकोचं मत. माझं अजून ठरत नाही.

तीन आठवडे फोन केले. शेवटी दुर्गला महार रेजिमेंटचे एक निवृत्त सुभेदार साहेब भेटले. घरात पाच फुटी टँक, 500 लिटरच्या वरची, आत एकच म्हातारा ऑस्कर. फोनवर मला म्हणाले, "साहेब, घेऊन तर या. बघू, दोघांचं जमतंय का."

गेल्या रविवारी मोठ्या थर्मोकोलच्या खोक्यात त्याला घेऊन गेलो. जाताना लेकीनं रीतसर हँडिंग-टेकिंग ओव्हरचा कागद केला होता: नाव, लांबी, खाणं (काकडी, उकडलेला भोपळा, लाकडाचा तुकडा), आणि शेवटी लाल पेनानं, 'नदीत, तलावात, विहिरीत सोडू नये.' सुभेदार साहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं, सही केली, खाली तारीख घातली. नाव वाचून हसले. म्हणाले, "माझ्याच हुद्द्याचा आहे."

चहा घेताना त्यांनी विचारलं, "साहेब, हा जगतो किती?"

"दहा-पंधरा वर्षं सहज."

त्यांचं वय 71. त्यांनी टँककडे पाहिलं, मनात काहीतरी हिशोब केला आणि म्हणाले, "नातवाला कागद दाखवून ठेवतो."

आता घरात दहा उरलेत. निघायच्या दोन दिवस आधी त्यांचं खाणं बंद करायचं. पकडल्यावर आधी अर्धा तास बादलीत ठेवायचं, कारण घाबरले की कोरी अंगातून विषारी स्राव सोडतात आणि बंद पिशवीत स्वतःच त्यानं मरतात. मग नवं पाणी, जाड पिशवी, थर्मोकोल. फिल्टरचा स्पंज ओला ठेवायचा, म्हणजे तिची ती पाच आठवड्यांची वस्ती जिवंत राहील. एप्रिलचं ऊन आहे, म्हणून रात्री निघून पहाटेपर्यंत नागपूर, दिवसभर मित्राकडे पंख्याखाली, आणि संध्याकाळी पुढे. बायकोनं नगरच्या पाण्याचा नमुना आधीच कुणाकडून तरी मागवलाय. तिथलंही जडच आहे म्हणते.

टँक स्वतः ट्रंकेत मावत नाही. ती ट्रकमध्ये, गाद्यांच्या मधे.